स्तोत्राची अखेरची ओळ

डिसेंबर महिन्याची ३१ तारीख आली की कॅथलिक ख्रिस्तमंदिरांतून एक फार जुने स्तोत्र म्हटले जाते. त्याचे नाव ‘ते देउम’. हे लॅटिन भाषेतील दोन शब्द असून ‘तुला, देवा’ एवढाच त्यांचा अर्थ होतो. आपल्याकडे आरती जशी तिच्या पहिल्या शब्दांवरून ओळखली जाते, तसेच हेही स्तोत्र त्याच्या आरंभीच्या शब्दांवरून ओळखले जाते. सरत्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानावेत म्हणून ते त्या दिवशी गातात. रोममध्ये त्या सायंकाळी स्वतः पोप या स्तोत्रगायनात सहभागी होतात, आणि जगातल्या लहानमोठ्या देवळांतून तेच स्तोत्र कोठे लॅटिनमध्ये, कोठे लोकांच्या बोलीत म्हटले जाते. दर रविवारच्या नित्यप्रार्थनेतही, उपवासकाळ वगळता, धर्मगुरू आणि मठवासी ते म्हणतात. बिशपांच्या दीक्षाविधीतही त्याला स्थान आहे.

दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या या स्तोत्राचा इतिहास मात्र सरळ नाही. राजांनी ते तोफांच्या गजरात गायिले, तसे मरणाच्या दारात उभ्या असलेल्या एकाकी माणसांनीही ते पुटपुटले. तेव्हा हे स्तोत्र नेमके कोणाचे? जिंकणाऱ्याचे की आशेवर जगणाऱ्याचे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला इटलीतील मिलान शहरापासून गोव्यापर्यंत आणि गोव्यापासून थेट आपल्या बेळगावच्या घाटमाथ्यापर्यंत यावे लागते.

या स्तोत्राच्या जन्माविषयी एक सुंदर आख्यायिका आहे. इ. स. ३८७ च्या ईस्टरच्या रात्री मिलान येथे बिशप अंब्रोज यांनी ऑगस्टीन या पंडिताला बाप्तिस्मा दिला. त्या क्षणी दोघांनाही स्फूर्ती झाली आणि एकाने एक चरण, दुसऱ्याने दुसरा चरण असे म्हणत त्यांनी हे स्तोत्र रचले, असे मध्ययुगात मानीत. विद्वानांना ही कथा मान्य नाही. काहींनी रेमेसियाना येथील बिशप निकेतास याला कर्ता मानले आहे, तर काहींच्या मते निरनिराळ्या काळचे भाग एकत्र येऊन हे स्तोत्र सिद्ध झाले. परंतु आख्यायिका खोटी असली तरी तिने निवडलेली जागा अगदीच निराधार नाही. ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात मिलानच्या लोकगायनाची हकीगत स्वतः नोंदवून ठेवली आहे. सम्राटाची आई जस्टिना हिचा अंब्रोजवर रोष झाला होता. आपल्या बिशपाचे रक्षण व्हावे म्हणून भाविक लोक देवळात रात्रंदिवस ठाण मांडून बसले. दुःखाने आणि शिणवट्याने त्यांचा धीर खचू नये म्हणून पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांच्या रीतीप्रमाणे स्तोत्रे गाण्याचा प्रघात तेथे तेव्हा सुरू झाला. म्हणजे पश्चिमेकडील स्तोत्रगायनाची ही परंपरा विजयसभेत रुजलेली नाही, ती वेढ्यात सापडलेल्या माणसांनी रुजविली. ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

इ. स. च्या सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियम घालून दिले. रविवारी पहाटेच्या प्रार्थनेत मठाधिपतीने ‘ते देउम’ सुरू करावे, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. स्तोत्राची सर्वांत जुनी समजली जाणारी लिखित प्रत सातव्या शतकाच्या अखेरची असून ती आयर्लंडमधील बँगॉर येथील मठाच्या पोथीत आहे. गंमत अशी की ही आयरिश पोथी फिरत फिरत अखेर मिलान येथील, अंब्रोज यांच्याच नावाच्या ग्रंथालयात येऊन विसावली. ज्या नगराशी आख्यायिकेने या स्तोत्राचे नाते जोडले, त्याच नगरात त्याची जुनी पोथी नांदावी, हा योगायोग मोठा मनोहर आहे.

आता स्तोत्राच्या रचनेकडे पाहू. ते लहानच आहे. सुमारे तीस चरणांचे. त्याचे तीन भाग पडतात. पहिल्या भागात सारे विश्व देवाची स्तुती करते आहे. देवदूत, प्रेषित, संदेष्टे, हुतात्मे आणि पृथ्वीवर पसरलेली ख्रिस्तसभा असे एकामागून एक मेळे येतात आणि एकाच सुरात आपला सूर मिसळतात. दुसऱ्या भागात येशू ख्रिस्ताचे वर्णन आहे. त्याचा मानवजन्म, त्याचे मरण, मरणावर त्याने मिळविलेला जय आणि न्यायाधीश म्हणून त्याचे पुन्हा येणे. तिसऱ्या भागात सूर एकदम पालटतो. येथे स्तुतीची जागा याचना घेते. हा भाग बायबलातील स्तोत्रसंहितेच्या वचनांतून मागाहून जोडला गेला, असे अभ्यासक मानतात. तारण कर, दररोज सांभाळ, आजच्या दिवशी पापापासून राख, दया कर, अशा विनवण्या त्यात आहेत. आणि अगदी शेवटी एक विलक्षण गोष्ट घडते. आरंभापासून ‘आम्ही’ म्हणणारे हे स्तोत्र अखेरच्या ओळीत ‘मी’ म्हणते. देवदूतांचे मेळे दिसेनासे होतात, हुतात्म्यांची सेना मागे सरते, आणि एकटा माणूस उरतो. आपली सारी भिस्त देवावर आहे, ती फोल ठरू नये, एवढीच त्याची विनंती असते.

माझ्या मते या स्तोत्राचे मर्म त्या शेवटच्या ओळीत आहे. पण इतिहासात पुष्कळ काळ लोकांच्या कानांवर पहिल्याच ओळी मोठ्याने पडल्या.

युरोपातील राजांना हे स्तोत्र फार सोयीचे वाटले. लढाई जिंकली की ‘ते देउम’, तह झाला की ‘ते देउम’, राजपुत्र जन्मला की ‘ते देउम’, अशी चालच पडून गेली. इ. स. १६८७ च्या जानेवारीत फ्रान्सचा राजा चौदावा लुई दुखण्यातून उठला, म्हणून दरबारी संगीतकार लुली याने आपले ‘ते देउम’ पॅरिसमध्ये सादर केले. त्या काळी ताल धरण्यासाठी जड काठी जमिनीवर आपटीत असत. ती काठी लुलीच्या पायावर बसली, जखम चिघळली आणि मार्च महिन्यात त्याचा अंत झाला. राजाच्या प्रकृतीसाठी गायिलेले स्तोत्र गाणाऱ्याच्या प्राणावर बेतले! पुढे १७४३ साली डेटिंगेनच्या लढाईत इंग्रजांच्या राजाला जय मिळाला, तेव्हा हँडेलसारख्या थोर संगीतकाराने त्या विजयासाठी ‘ते देउम’ची नवी संगीतरचना केली.

हे सारे क्षम्य म्हणता येईल. परंतु एक प्रसंग असा आहे की तो कॅथलिक माणसाने खाली मान घालूनच सांगितला पाहिजे. इ. स. १५७२ च्या ऑगस्टमध्ये, संत बार्थोलोम्यूच्या सणाच्या रात्री, पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंट लोकांची कत्तल सुरू झाली. ती वार्ता रोमला पोहोचली तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी ‘ते देउम’ म्हणवून घेतले. ज्यांच्या नावाची दिनदर्शिका आज सारे जग वापरते, तेच हे ग्रेगरी. राजावरचे संकट टळले, अशी त्या वेळी समजूत करून देण्यात आली होती, असे समर्थन कोणी करतात. तरीही रक्ताने माखलेल्या वार्तेवर स्तोत्र म्हटले गेले, हे सत्य त्याने पुसले जात नाही. फ्रेंच लेखक व्हॉल्तेर याने १७५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘कांदीद’ या कथेत याच चालीवर बोट ठेवले आहे. त्या कथेत दोन राजांची घनघोर लढाई होते, प्रेतांचे ढीग पडतात, आणि मग दोघेही राजे आपापल्या छावणीत ‘ते देउम’ म्हणवून घेतात. एकच देव, एकच स्तोत्र आणि दोघेही विजयी! व्हॉल्तेर धर्माचा मित्र नव्हता. पण या ठिकाणी त्याने जे दाखविले, ते धर्माच्या मित्रांनीही पाहण्यासारखे होते.

आता आपण आपल्या देशाकडे वळू. इ. स. १५४२ च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हाती घंटा घेऊन ते रस्त्यांतून हिंडत, मुलांना आणि गुलामांना गोळा करीत आणि त्यांच्याकडून प्रार्थना सुरावर म्हणवून घेत. त्याच वर्षी ते दक्षिणेच्या मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. तेथे तमिळ जाणणाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी मुख्य प्रार्थना त्या भाषेत उतरवून घेतल्या आणि पाठ करून लोकांना शिकविल्या. परक्या भाषेत केलेली प्रार्थना ओठांवरच राहते, हे त्यांनी पहिल्या वर्षीच ओळखले होते.

दहा वर्षांनी, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर ते वारले. चीनमध्ये प्रवेश मिळालेला नव्हता. ताप चढलेला होता. सोबतीला मोजकी माणसे होती. ‘ते देउम’ची शेवटची ओळ म्हणून त्यांनी प्राण सोडला, असे त्यांच्या जुन्या चरित्रांतून सांगितले आहे. जवळ असलेल्या अंतोनियो नावाच्या चिनी सोबत्याच्या हकीगतीप्रमाणे येशूचे नाम त्यांच्या ओठांवर होते. इतिहासाची काटेकोर दृष्टी कदाचित या सोबत्याच्याच बाजूने कौल देईल. पण परंपरेने संताच्या मुखी या स्तोत्राची पहिली ओळ घातली नाही, शेवटची घातली, यात मला मोठा अर्थ दिसतो. ज्याचा हेतू सिद्धीस गेला नाही, अशा माणसाला तीच शोभते.

झेवियर यांचा देह १५५४ साली गोव्यास आणला गेला. त्यांची समाधी आज जुन्या गोव्यातील बॉम जेझूस देवळात आहे. या समाधीपाशी सव्वाशेहून अधिक वर्षांनी एक प्रसंग घडला, त्यात आपल्या भागाचाही संबंध येतो.

इ. स. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने गोव्याच्या अगदी तोंडाशी असलेले जुवे बेट घेतले. पोर्तुगीज विजरई काउंट आल्व्होर याला ते परत घेता आले नाही. उलट पळता भुई थोडी झाली. राजधानी पडणार, अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा विजरईने झेवियर यांच्या समाधीपाशी जाऊन आपला अधिकारदंड संताच्या चरणी ठेवला आणि नगर सांभाळण्याची विनवणी केली. त्याच सुमारास औरंगजेबाचा पुत्र शाहआलम मोठी फौज घेऊन आमच्या बेळगाव प्रांतातून रामघाटाने खाली कोकणात उतरू लागला. दोन शत्रूंच्या कात्रीत सापडू नये म्हणून मराठी फौज माघारी फिरली आणि गोवा वाचला. पोर्तुगिजांनी त्याचे श्रेय संताला दिले. इतिहासकार ते रामघाटाने उतरलेल्या मोगल फौजेला देतात.

येथवर या कथेत भाविकाला खटकण्यासारखे काही नाही. संकटात सापडलेल्या माणसाने संताच्या पायाशी जावे, हे सर्व धर्मांत चालत आले आहे. खटकते ते पुढचे. त्याच विजरईने, संकट टळल्यावर काही महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी एक फर्मान काढले. गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली टाकून पोर्तुगीज भाषा बोलावी, असा तो हुकूम होता. ज्या संताने तमिळ प्रार्थना पाठ करून लोकांना शिकविल्या, त्याच्या समाधीवर मस्तक ठेवणाऱ्याने लोकांच्या तोंडची भाषाच काढून घ्यायला निघावे, याला काय म्हणावे? संकटात असताना तो स्तोत्राच्या शेवटच्या ओळीवर होता. संकट सरताच पहिल्या ओळीच्या तोऱ्यात गेला.

पण श्रोतेहो, या फर्मानाच्या अडुसष्ट वर्षे आधीच गोव्यात एक कार्य होऊन गेले होते, आणि ते कोणत्याही फर्मानाने पुसण्याजोगे नव्हते. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात १५४९ साली जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. साष्टी तालुक्यात त्यांनी आपल्या आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे घालविली. तेथील नवख्रिस्ती लोक आपल्या जुन्या पुराणांना मुकले होते आणि त्यांच्या जागी गाण्यावाचण्याजोगे त्यांच्या हाती काही नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. त्याची भाषा मराठी आहे, तिच्यात कोकणीचे मिश्रण आहे, आणि देवनागरी खिळे नसल्यामुळे ती रोमन लिपीत छापली गेली.

या ग्रंथाचा आरंभ कसा होतो? तो उपदेशाने होत नाही, वादानेही होत नाही. आपल्या पुराणकारांच्या रीतीला अनुसरून तो वंदनाने, स्तवनाने होतो. जी स्तुती ‘ते देउम’मध्ये देवदूतांच्या मेळ्यांनी लॅटिनमध्ये केली, तिचेच नाते सांगणारे स्तवन येथे ओवीच्या चालीवर चालते. ‘ते देउम’चे हे भाषांतर नव्हे, पण ख्रिस्ती स्तवन मराठी मातीत उगवले ते येथे. पुढे रविवारी आणि सणावारी देवळांतून या पुराणाचे वाचन होत असे. ज्या मराठी भाषेची थोरवी स्टीफन्स यांनी याच ग्रंथात मुक्तकंठाने गायिली, ती त्यांची जन्मभाषा नव्हती, हे विशेष. एकाच शतकात, एकाच भूमीत, दोन युरोपियन माणसांनी लोकभाषेशी दोन परींनी वर्तन केले. एकाने ती शिकून तिच्यात देवाचे गुण गायिले. दुसऱ्याने ती बंद करण्याचा हुकूम काढला.

निकाल कोणाच्या बाजूने लागला? फर्मानाने बोली मेली नाही. गोव्यातील घराघरांतून ती बोलली जात राहिली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही, परंतु हस्तलिखिते मात्र टिकली. लोकांनी ती नकलून घेतली, जपली, गायिली. त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून ग्रंथ पुन्हा छापला आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत महाराष्ट्रापुढे ठेवला. सत्ताधीशाच्या छापखान्यापेक्षा गाणाऱ्याचे बाड अधिक टिकाऊ ठरले.

हाच धागा पुढे निराळ्या पंथात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी उचलला. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने अभंग, ओवी, कीर्तन या आपल्या घरच्या साधनांनीच ख्रिस्तस्तवन केले. आम्हा कॅथलिक लोकांच्या उपासनेत लॅटिनचे राज्य आणखी काही वर्षे चालले. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा जाहीरनामा २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत केला आणि लोकभाषांना वेदीपर्यंत येण्याची वाट मोकळी झाली. बेळगावचा धर्मप्रांत त्याच्या दहाच वर्षे आधी, १९५३ साली, स्थापन झाला होता. आज या धर्मप्रांतात कोकणी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा भाषांतून उपासना चालते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना भाषेचा अभिमान आहे आणि तो असावाही. पण १६८४ चे फर्मान आपल्याला एक गोष्ट शिकविते. आपली भाषा गाण्यासाठी असते, दुसऱ्याची बंद करण्यासाठी नसते. एका देवळात सकाळी एका भाषेत आणि नंतर दुसऱ्या भाषेत तीच स्तुती होते, तेव्हा देवाला भाषांतरकाराची गरज पडत नाही.

‘ते देउम’च्या त्या शेवटच्या वळणाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगणे मला फारसे कठीण वाटत नाही. बेळगुंदीसारख्या आमच्या पश्चिम भागातील गावांतून भजने होतात. अभंग गाऊन झाले, आरती झाली, की अखेरीस पसायदान म्हणतात. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा शेवटही याच पसायदानाने झालेला आहे. एवढा मोठा ग्रंथ पुरा केल्यावर ज्ञानदेवांनी आपल्या कर्तृत्वाचा डंका पिटला नाही. त्यांनी हात पसरले. फरक इतकाच की ज्ञानदेवांचे मागणे साऱ्या विश्वासाठी आहे, आणि ‘ते देउम’ साऱ्या विश्वाला घेऊन निघते व एका जिवाच्या मागण्यापाशी थांबते. पण दोन्हीकडे स्तुतीची अखेर मागण्यात होते, मिरविण्यात होत नाही.

तेव्हा आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते. राजांनी हे स्तोत्र अर्धेच गायिले. विजयी माणसाला शेवटच्या ओळीपर्यंत जाण्याची निकड भासत नाही. ती ओळ गरज असणाऱ्यांसाठी आहे. मिलानच्या देवळात रात्र जागणाऱ्यांसाठी, सांचियानच्या बेटावर तापाने फणफणलेल्या प्रवाशासाठी.

वर्षाच्या अखेरीस आमच्याकडे भाताची मळणी होऊन गेलेली असते. कोणाची कणगी भरलेली असते, कोणाचे पीक अवेळी पावसाने खाल्लेले असते. कोणाच्या घरी पाळणा हललेला असतो, कोणाच्या घरातले माणूस गेलेले असते. ३१ डिसेंबरच्या सायंकाळी या सर्वांना एकाच बाकावर बसून तेच स्तोत्र म्हणावे लागते. ज्याचे सारे चांगले झाले, त्याला पहिल्या ओळी सोप्या जातात. ज्याचे काही गेले, त्याला त्या ओळी जड जातील. पण त्याने उठून जाऊ नये. थोडा वेळ त्याने शेजाऱ्याच्या आवाजावर विसंबावे. त्याची ओळ शेवटी आहे.